फ्लेक्सनंतरचा पेंटर

गेल्या वर्षी भाऊबीज झाली, मंडया सुरू झाल्या आणि गोरेगावकडचा एक पेंटर माझ्याकडे आला. वय सेहेचाळीस. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, झाडीपट्टीतल्या नाटकांचे कापडी बोर्ड असे तीस वर्षांचे काम त्याच्या हातात. चहा संपल्यावर म्हणाला, "भाऊ, आता या वयात कॉम्प्युटर शिकून डिझाइनच्या लाइनमधी होईल का काही, का मजुरीलेच जाऊ?" मी त्याला आठ दिवसांनी यायला सांगितले. २०११ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी, मी हेच केले होते. तरी त्याला लगेच 'हो' म्हणवेना. त्या आठ दिवसांत जे जुळवले आणि नंतर वर्षभर तपासत राहिलो, ते इथे मांडतो आहे.

आधी जागेविषयी. कोहमारा हे सडक अर्जुनी तालुक्यातले, महामार्गावरचे गाव. पश्चिमेला साकोली-भंडाऱ्यावरून नागपूर, पूर्वेला देवरीवरून छत्तीसगड, उत्तरेला गोरेगाव-गोंदिया आणि दक्षिणेला नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, वडसा. चौक असा असल्यामुळे इथे पाट्या फार. ढाबा, टायर, कृषी केंद्र, लॉज. मी सोळाव्या वर्षी उस्तादांकडे लागलो तेव्हा चौकातली बहुतेक अक्षरे आमच्या दोघांच्या हातची होती. इनॅमलचे डबे, खडू लावलेली दोरी, ओळंबा आणि खारीच्या केसांचे ब्रश, एवढेच भांडवल. नाटकांच्या नावांसाठी मुंबईच्या वर्तमानपत्रांची रद्दी मिळवायचो. तिच्यातल्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी रेखलेली नाटकांची नावे असत. ती कापून वहीत चिकटवायची आणि तशी वळणे काढून पाहायची, हीच आमची शाळा.

२००६-०७ च्या सुमारास गोंदियाहून फ्लेक्स येऊ लागला. मी दोन दिवसांत करायचो तो बोर्ड सकाळी सांगितला की संध्याकाळी तयार, वर मालकाचा फोटोही त्यात. गिऱ्हाइकाला दोष कसा देणार? तीन वर्षांत माझ्याकडे फक्त शाळांच्या भिंतींवरचे सुविचार उरले.

मग मी शिकायला गेलो. या भागात 'परत शाळेत जाणे' म्हणजे काय, हे सांगायला हवे. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथे उपयोजित कला शिकवतात, पण तो दिवसभराचा वर्ग. कोहमाऱ्याहून एसटीने जायलाच तीन तास, आणि घरी दोन मुले शाळेत. माझ्याकडे शाळेतल्या इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचे प्रमाणपत्र होते, त्या परीक्षेत अक्षरलेखनही असे. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा तो कागद कुणाला दाखवायचा? नागपुरातल्या एका खासगी संस्थेने सहा महिन्यांच्या कोर्सची पूर्ण फी आधी घेतली आणि शनिवार-रविवारच्या वर्गाला दोन महिन्यांतच कुलूप लागले. बायकोची पाटली गेली ती त्यात. शेवटी तालुक्याच्या गावी, दहावी-बारावीच्या मुलांबरोबर, एका खोलीतल्या क्लासमध्ये शिकलो. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. ती मला काका म्हणायची, मी तिला मॅडम. माउस धरायला पंधरा दिवस लागले. ज्या हाताने वाळत्या रंगावर सरळ शिरोरेषा ओढली तो हात एका प्लास्टिकच्या वाटीवर थरथरत होता, आणि शेजारची पोरे हसायची नाहीत याचेच जास्त वाईट वाटायचे.

त्या क्लासने मला सॉफ्टवेअर दिले. डिझाइन दिले नाही, आणि ते देण्याचा तिचा दावाही नव्हता. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडे तपशिलात जातो.

फ्लेक्सवर नाव मावत नसेल तर ऑपरेटर काय करतो? अक्षरे धरून आडवी दाबतो किंवा उभी ओढतो. आडवी दाबली की उभा दंड बारीक होतो आणि शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. अक्षर आजारी दिसते, पण का ते सांगता येत नाही. पेंटर असे कधी करत नाही. तो ब्रशची जाडी तीच ठेवून अक्षराचे पोट अरुंद करतो, म्हणजे अक्षर नव्याने काढतो. दुसरे, इंग्रजी पुस्तकातून आलेला नियम: अक्षरांत मोकळी जागा सोडा, रुबाब येतो. रोमन अक्षरे सुटी असतात, तिथे हे शोभते. देवनागरीत जागा वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. तिसरे, अंतर. हलत्या ट्रकमधून वाचायची पाटी आणि हातात धरायची पत्रिका यांत मजकूर किती असावा, हे पेंटर मालकाशी भांडून शिकलेला असतो. पडद्यावर सगळेच हातभर अंतरावर असते, त्यामुळे नवशिका फ्लेक्सवर अख्खे माहितीपत्रक कोंबतो.

आता आमच्या गावाच्या नावाचीच गोष्ट घ्या. कोहमारा, पण कोहमाऱ्यात, कोहमाऱ्याला. हा 'ऱ्या' मराठीचा खास. हिंदीसाठी केलेल्या जुन्या फॉन्टांत तो अनेकदा नसतो. मग 'कोहमार्यात' छापले जाते, आणि 'शेतकऱ्यांसाठी'चे 'शेतकर्यांसाठी' होते. आमचा जिल्हा बालाघाट आणि छत्तीसगडला लागून, त्यामुळे हिंदी वळणाचे ल आणि श तर घरचेच झाले आहेत. मराठी वर्णमालेचे लेखन प्रमाणित करणारा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ चा आहे, पण गोंदियाच्या फ्लेक्स दुकानात तो कुणी वाचावा! त्यात जुन्या कोरल ड्रॉमध्ये युनिकोडचा मजकूर टाकला की जोडाक्षरे फुटत आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसे. म्हणून दुकानदार जुने फॉन्ट सोडत नव्हते. मी मात्र ऱ्या हाताने काढून, स्कॅन करून, बिंदू जोडत ठेवून दिला. तीच माझी पहिली वेगळी ओळख ठरली. साकोलीचे एक प्रेसवाले केवळ त्यासाठी मला बोलावू लागले.

पुढे वाचत गेलो तसे दिसले की मराठी अक्षरांच्या कामात वळसा घेऊन आलेली माणसे बरीच आहेत. जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांनी लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइपाचे हलके काम केले आणि १८६९ मध्ये निर्णयसागर काढला. त्यांच्या काळी यासाठी शाळाच नव्हती. मुंबईच्या जे. जे.मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला तोच १९३५ मध्ये. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, आयआयटी मुंबईतले औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ चे. 'गणेशविद्या' लिहिणारे ल. श्री. वाकणकर शिक्षणाने रसायनातले. भीमबेटकाची चित्रे उजेडात आणणाऱ्या विष्णु श्रीधरांचे हे थोरले बंधू.

पण गोरेगावच्या मित्राला मी जे नाव सांगितले ते र. कृ. जोशींचे. त्यांचा जन्म १९३६ चा. जे. जे.त शिकले, उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक झाले, मग आयआयटीत शिकवले. निवृत्तीनंतर, साठी ओलांडल्यावर, संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट केले. विंडोज २००० पासून ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये आपण युनिकोड मराठी वाचत आलो, तो त्यांचा. मंगल मला देखणा वाटत नाही, छापील पानावर तर नाहीच. पण त्या वेळच्या ढोबळ पडद्यावर जोडाक्षरे वाचता यावीत म्हणून केलेले ते काम आहे, आणि ते साठीनंतर केलेले आहे. त्यांच्याकडे पदविका होती, ओळखी होत्या, मुंबई होती. आमच्याकडे यातले काही नाही. तुलना तेवढ्यापुरतीच.

मग दारे कोणती उघडी आहेत? पदवीसाठीच्या 'यूसीड' परीक्षेला वयाची अट आहे आणि ती दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या वर्षी. आमच्यासाठी ते दार बंद. पण एम.डेस.साठीच्या 'सीड' परीक्षेला वयाची अटच नाही, कितीही वेळा द्या. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका हवी. जी. डी. आर्टही चालते. आयआयटीच्या फाटकावर सेहेचाळीस वय अडवत नाही, पदवी अडवते, हे ऐकून माझा मित्र बराच वेळ गप्प बसला. तो बारावी आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घरून करता येते. आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटरचा एक वर्षाचा ट्रेड असतो, मात्र प्रत्येक आयटीआयमध्ये नाही, आणि वर्षभर दिवसाची हजेरी म्हणजे वर्षभराची मजुरी बुडाली.

मी त्याला खर्चही सांगितला, कारण तो कुणी सांगत नाही. क्लासची फी सर्वांत लहान रक्कम आहे. संगणक, वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि कमाई नसलेले पहिले वर्ष, हे मोठे. मला पेंटिंगएवढी मिळकत व्हायला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत रात्री डिझाइन आणि दिवसा धानाच्या गिरणीवर हिशेब असे चालले. दरही ऐकून घ्यावा लागतो. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर मिळतात, डिझाइन 'त्यातच' धरतात. हाताने पाटी लिहिली तेव्हा मेहनत दिसत होती, आता ती दिसत नाही म्हणून मोजली जात नाही. तो म्हणाला, पाटीलाही कुठे मोजत होते.

आमच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात, वडशाला मंडळांची कार्यालये लागतात, आणि प्रत्येक प्रयोगाला पोस्टर लागते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी या रंगभूमीची दखल घेतली. पोस्टरांची दखल मात्र अजून कुणी घेतलेली नाही. वीस चेहरे, नाचणारे रंग, नाटकाचे नाव आगीत पेटलेले. शहरातला डिझाइनर यातली अर्धी गर्दी काढून टाकेल आणि नाटक पडेल, कारण कोण कोण कलावंत येणार हे गावकरी चेहऱ्यांवरूनच पाहतो. माझ्या मित्राला ही गर्दी रचता येते. तीस वर्षे तो तेच करत आला आहे.

तो गेल्या पौषापासून संध्याकाळी क्लासला जातो. मुक्त विद्यापीठाचा अर्जही भरला आहे. नावाची अक्षरे अजून ब्रशनेच काढतो, मोबाइलने फोटो घेतो आणि पडद्यावर रेषा ओढून घेतो. मॅडम म्हणाल्या तसा थेट फॉन्ट वापरत नाही. यंदाच्या मंडईसाठी त्याने पहिले पोस्टर केले. 'कोहमाऱ्यात' हा शब्द त्याने तीनदा बदलला. छपाई वडशाला झाली. पैसे अजून यायचे आहेत.