प्रमाणपत्रांची फाईल आणि रविवारची वही

तीन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी अम्मीला घेऊन मला भेटायला आली. हातात फाईल होती. हस्ताक्षर, वक्तृत्व, रंगभरण, सामान्यज्ञान अशी अकरा प्रमाणपत्रं तीत नीट लावलेली. अम्मी म्हणाल्या, “मॅडम, हिला काहीतरी वेगळं सांगा. हे तर सगळ्यांच्याच मुलांकडे असतं.” मी मुलीला विचारलं, “यातलं तुला मनापासून काय आवडलं?” ती गप्प राहिली.

बोलता बोलता कळलं, की तिच्या मामूंचं पेठ वडगावातच मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आपला भाग उसाचा. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती गाडीत टाकून दुकान गाठतो. मी सुचवलं, “दर रविवारी दोन तास मामूंजवळ बस. कशाला हात लावायचा नाही. आलेली प्रत्येक मोटार वहीत लिही. किती हॉर्सपॉवरची, का जळली, दुरुस्तीला किती वेळ लागला.”

अम्मींना पटेना. दुकानात पुरुषांची वर्दळ, लोक काय म्हणतील? शेवटी मामूंनीच मार्ग काढला. वायंडिंग चालतं त्या आतल्या खोलीत तिची खुर्ची ठेवली आणि मामी सोबत बसू लागल्या.

तीन महिन्यांत वही भरली. थ्री फेज मोटारीची एक फेज गेली, तर उरलेल्या दोन फेजवर जादा करंट येतो आणि वायंडिंग जळतं, हे तिला पुस्तकाआधी काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारांवरून समजलं. विज्ञानाच्या तासाला ती प्रश्न विचारू लागली. दहावीनंतर इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा अर्ज तिने स्वतःहून भरला.

दुसरा अनुभव याच्या उलट. डॉक्टरच व्हायचं म्हणणारा एक मुलगा सुट्टीत ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांबरोबर गोठ्यांवर फिरला. अडलेली म्हैस पाहून त्याला घेरी आली. पंधरा दिवस गेला, तरी मन रमलं नाही. अब्बू नाराज झाले. पण हेच बारावीनंतर, क्लासची भरमसाट फी भरून झाल्यावर कळलं असतं तर? ‘हे माझं क्षेत्र नाही’ हे वेळेवर कळणं हीसुद्धा कमाईच आहे.

पालकहो, वेगळा उपक्रम शोधायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, शिरोलीचे कारखाने आपल्या जवळच आहेत. मिरजेला सतारी बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी ती मागणी घटल्यावर एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला घेतली. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संगीत, लाकूडकाम आणि ध्वनीचं विज्ञान तिथे एकाच कारागिराच्या हाताखाली पाहायला मिळतं. आधी विचारून मुलांना एक दिवस घेऊन जा.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकावं असं म्हटलं आहे. पाहता पाहता एखादी नवी कल्पना सुचली, तर ती शाळेमार्फत केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत पाठवता येते. निवड झाल्यास प्रतिकृती बनवायला 10,000 रुपये मिळतात.

काही पथ्यं मात्र पाळा. घरातल्या मोठ्यांना माहीत असलेलं, विश्वासाचं ठिकाण निवडा. हे पाहणं आणि लिहिणं आहे, मजुरी नव्हे. मुलांना कामाला जुंपू नका. एका वेळी एकच क्षेत्र घ्या आणि निदान तीन महिने त्यात राहू द्या. वहीच्या शेवटच्या पानावर तीन उत्तरं लिहायला सांगा: काय आवडलं, कशाचा कंटाळा आला, पुढे काय विचारावंसं वाटतं? ते पान मुलांसोबत बसून वाचा. अकरावीला विज्ञान, वाणिज्य की कला, हे ठरवताना टक्क्यांइतकंच ते पानही उपयोगी पडेल.

परवा त्याच अम्मी बाजारात भेटल्या. धाकटा आता आठवीत गेला आहे. या वेळी फाईल नव्हती. म्हणाल्या, “मॅडम, याला कुठं बसवू?”

मी म्हटलं, “आधी त्यालाच विचारा.”