कागद आणि शुश्रूषा

कागदास चुकून पाय लागला तरी नमस्कार करावा, ही आपल्या घरांतील शिकवण. आमच्या छत्रपती संभाजीनगराजवळील कागजीपुऱ्याचा हातकागदही विद्येच्याच कामीं आला. परंतु कागद शुश्रूषेच्याही कामीं येतो.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, नीना या गांवीं, १८७२ सालीं चौघां भागीदारांनीं किंबर्ली-क्लार्क कंपनी काढली. आरंभीं ती छपाईचा कागद करी. पुढें लांकडाच्या लगद्यापासून तिनें कापसाहूनही अधिक द्रव शोषणारा पदार्थ तयार केला. पहिल्या महायुद्धांत तो जखमा बांधण्यास उपयोगी पडला. परिचारिकांनीं मात्र तो मासिक धर्माच्या वेळींही वापरून पाहिला. त्या अनुभवावरून १९२० सालीं ‘कोटेक्स’ बाजारांत आलें. परंतु पुरुष दुकानदारापाशीं तें मागावें कसें? अखेर कांहीं दुकानांत पैशांची पेटी ठेवण्यांत आली. पैसे टाकावे व न बोलतां पुडा उचलावा!

आपल्याकडे आजही पुष्कळ दुकानदार असा पुडा वर्तमानपत्रांत गुंडाळून देतात. गरज प्रथम ओळखली ती स्त्रियांनींच. ती बोलून दाखविण्यास त्यांनाच संकोच वाटावा, हें उचित नव्हे. लेकीसुनांचा हा संकोच दूर करणें हें घरांतील वडीलधाऱ्यांचें कर्तव्य होय, असें आम्हांस वाटतें.