प्रतिकृतीद्वारे व्यक्तिचित्रणाचा अभ्यास

एखादे अभिजात तैलचित्र समोर ठेवून त्याची प्रतिकृती करीत व्यक्तिचित्रणाचे तंत्र आत्मसात करण्याची पद्धती. प्रबोधनकालीन यूरोपीय चित्रशाळांत शिकाऊ चित्रकार गुरूच्या कृतींच्या नकला करीत. पॅरिसचे लूव्हर संग्रहालय १७९३ मध्ये खुले झाल्यावर तेथे मूळ चित्रांसमोर बसून काम करण्याची प्रथा रूढ झाली. प्रतिकृती मूळ चित्राच्या आकाराची नसावी, असा तेथील नियम असून बनावट चित्रांस आळा घालणे हा त्याचा हेतू आहे.

या संग्रहालयातील रॅफेएलचे बाल्दास्सारे कास्तील्योने (सु. १५१४–१५) हे व्यक्तिचित्र अभ्यासास विशेष अनुकूल आहे. रूबेन्स व मातीस यांनीही त्याच्या प्रतिकृती केल्या. करडा, काळा, पांढरा आणि त्वचेचा वर्ण एवढ्या मोजक्या रंगांत ते रंगविलेले असल्याने छायाप्रकाशाच्या पायऱ्या विद्यार्थ्याला स्पष्ट दिसतात. मात्र चेहऱ्यावर गडद सावल्या नाहीत; गालाचा उंचवटा अगदी सूक्ष्म छटाभेदांतून साधलेला आहे. हाताची खरी कसोटी येथेच लागते.

पूर्ण झालेल्या चित्रावरून ते कोणत्या क्रमाने रंगविले हे सहसा कळत नाही. प्रतिकृती करताना तो क्रम शोधावा लागतो. सामान्यतः मंद रंगाच्या अस्तरावर रेखाटन करून एकाच उदासीन रंगात छायाप्रकाश मांडतात. तो वाळल्यावर त्वचेचे रंग व शेवटी पारदर्शक लेप देतात. वरच्या थरात तेलाचे प्रमाण खालच्याहून अधिक असावे लागते, अन्यथा कालांतराने रंगाला भेगा पडतात. नवशिक्याची नेहमीची चूक निराळीच असते : जुने व्हार्निश काळाच्या ओघात पिवळे पडलेले असते आणि तो त्या पिवळेपणालाच चित्रकाराची रंगयोजना समजून सर्वत्र तपकिरी रंग मिसळतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. प्रकाशाची दिशा, बसण्याची ढब, काय गाळायचे हे सर्व निर्णय मूळ चित्रकाराने आधीच घेतलेले असतात. जिवंत व्यक्ती समोर बसली की ते स्वतःलाच घ्यावे लागतात. तंतोतंत नक्कल हाच अभ्यासाचा एकमेव मार्ग मात्र नव्हे. कास्तील्योनेचे हेच चित्र १६३९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लिलावास आले, तेव्हा रेम्ब्रँटने त्याचे लेखणीने केवळ एक झटपट टिपण केले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील १६४० च्या त्याच्या आत्मचित्राच्या रचनेवर, तिशनच्या एका व्यक्तिचित्राबरोबरच, या चित्राचाही प्रभाव दिसतो.