एकाचे पाच झाले, तरी भाकरी तेवढीच

मी गोरेगावहून बोलतेय. इथे आरे कॉलनीतल्या पाड्यांवर आणि स्टेशनजवळच्या वस्त्यांमध्ये आमचे बचत गट आहेत, त्यांचं काम मी बघते.

मागे एका बैठकीत आमच्या एका ताईंनी गटाकडे वीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "शेअर घ्यायचेत. मुलाच्या मोबाइलवर आलंय, पुढच्या आठवड्यात एका शेअरचे पाच होणार. वीस हजारांचे लाख होतील." हे ऐकून आणखी दोघींनी हात वर केला. गटाचा पैसा म्हणजे पंधरा जणींनी पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा. म्हणून त्या दिवशी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि हाच विषय घेतला.

मी पर्समधून पाचशेची नोट काढली आणि एकीकडून शंभराच्या पाच नोटा घेतल्या. विचारलं, "मी श्रीमंत झाले का?" सगळ्या हसल्या. शेअरचा स्प्लिट, म्हणजे शेअरची फोड, ती एवढीच असते. भाकरीचे दोन तुकडे करा नाहीतर आठ करा, पीठ तेवढंच.

आता हिशोब बघू. प्रत्येक शेअरला एक दर्शनी किंमत असते, म्हणजे कागदोपत्री ठरवलेली किंमत. समजा ती १० रुपये आहे आणि बाजारात तो शेअर २,००० रुपयांना मिळतो. तुमच्याकडे १० शेअर आहेत, म्हणजे २०,००० रुपये. कंपनीने दर्शनी किंमत १० वरून २ केली की १० शेअरचे ५० होतात. पण बाजारातला भावही त्याच दिवशी साधारण ४०० वर येतो. ५० गुणिले ४००, पुन्हा २०,०००च. कंपनीचा कारखाना तोच, नफा तोच, कर्जही तेच. लाभांशाचंही तसंच. आधी शेअरमागे २० रुपये मिळत असतील, तर तेवढ्याच वाटपात आता ४ रुपये मिळतील, पण पाचपट शेअरवर. मतांचा हिस्साही बदलत नाही, कारण सगळ्यांचेच शेअर पाचपट झालेले असतात.

मग कंपन्या हे करतात कशाला? भाव फार वाढला की लहान माणसाला एक शेअरसुद्धा परवडत नाही. तुकडे केले की घेणारे वाढतात, खरेदी-विक्री सोपी होते. पण तुकडे केलेच पाहिजेत असं नाही. टायर बनवणाऱ्या एमआरएफ कंपनीने ते केले नाहीत. २०२३ मध्ये तिचा एकेक शेअर लाखाच्या वर गेला.

"पण लोक शेअरवर श्रीमंत झालेत ना?" एकीने विचारलं. झालेत. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं उदाहरण घ्या. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तूप बनवणारी कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. अमळनेरमधल्या अनेक घरांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले. १९९७ च्या सुरुवातीला ज्याच्याकडे एक शेअर होता, त्याचं काय झालं बघा. त्या वर्षी एकावर दोन बोनस मिळाले, झाले ३. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरची फोड २ रुपयांत झाली, झाले १५. मग २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये बोनस मिळत गेले आणि १५ चे ८०० झाले.

आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण १९९९ ची ती फोड झालीच नसती, तर आज ८०० ऐवजी १६० शेअर असते आणि प्रत्येकाचा भाव साधारण पाचपट असता. रक्कम तेवढीच. बोनसनेही घरबसल्या पैसा वाढत नाही. कंपनी आपल्याच शिलकीतून नवे शेअर देते आणि भाव त्या प्रमाणात उतरतो. अमळनेरकरांचा पैसा वाढला, कारण तुपाची कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात उतरली, वर्षानुवर्षं नफा कमावत राहिली आणि लोकांनी तोवर धीर धरला. जी कंपनी बुडते, तिच्या शेअरचे शंभर तुकडे केले तरी शंभर बुडीत तुकडेच हाती येतात.

ज्यांच्या घरात जुने शेअर आहेत, त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, फोडीच्या दिवशी मोबाइलवर भाव एकदम पडलेला दिसतो, आणि नवे शेअर खात्यात यायला थोडे दिवस लागू शकतात. घाबरून विकू नका. आधी कंपनीची सूचना वाचा.

दोन, खरेदीची पावती जपा. फोड झाली की जुनी खरेदी किंमत नव्या शेअरमध्ये विभागली जाते आणि मुदत जुन्या तारखेपासूनच मोजतात. बोनसच्या शेअरची मुदत मात्र ते मिळाल्यापासून मोजतात आणि त्यांची खरेदी किंमत साधारणपणे शून्य धरतात. विकताना कर यावरूनच ठरतो.

तीन, कागदी शेअर. त्याच बैठकीत एका मावशींनी विचारलं, "आमच्या ह्यांच्या ट्रंकेत कागद आहे, त्यावर दहा शेअर लिहिलेत. ते दहाच का?" कदाचित नाही. मधल्या काळात फोड किंवा बोनस झाला असेल, तर ते कितीतरी जास्त असू शकतात. कंपनीला पत्र लिहून विचारायचं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट खात्यात घ्यावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतलाच नसेल, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. पण ते बुडत नाहीत. वारसाला कागदपत्रं देऊन परत मागता येतात. मावशींचा अर्ज आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला.

चार, वारसाचं नाव आजच लावा. आणि फोडीचे शेअर खात्यात आपोआप येतात. त्यासाठी कुणी फी किंवा ओटीपी मागितला, तर तो चोर समजा.

वीस हजारांचं काय झालं? त्या ताईंनी पाचशेची नोट पुन्हा एकदा हातात घेऊन बघितली आणि अर्ज मागे घेतला. शेअर घेणं वाईट नाही. पण ते स्वतःच्या, लगेच न लागणाऱ्या पैशातून घ्यावेत आणि कंपनीचा धंदा बघून घ्यावेत. एकाचे पाच होणार म्हणून गटाचं कर्ज काढून तर मुळीच घेऊ नयेत.

तुमच्या घरातली ट्रंक एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.