आधी माती, मग झाड

जून उजाडला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. "ताई, यंदा झाडं कुठं लावायची?" शाळा, महिला मंडळं, बचत गट, सगळ्यांना पंधरा दिवसांत कार्यक्रम उरकायचा असतो. मी एकच उलटा प्रश्न विचारते, "मे महिन्यात पाणी कोण घालणार?" पलीकडे थोडा वेळ शांतता पसरते. मी फार शहाणी आहे म्हणून विचारते असं नाही हं. एकदा चांगली फजिती झालीय, म्हणून विचारते.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात राहतो. यांची नोकरी कोळशाच्या उघड्या खाणीत. घर, मुलांची शिक्षणं, सगळं कोळशावरच झालं. त्यामुळे खाणीला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळतेच. पण गच्चीवर गेलं की समोर दिसतात ते मातीचे डोंगर! कोळसा काढायचा तर त्याच्या वरची जमीन, मुरूम, खडक सगळं आधी उपसावं लागतं. त्याच्या ढिगाऱ्यांना इकडे सगळे 'ओबी' म्हणतात. उन्हाळ्यात त्यांची धूळ वाळत घातलेल्या कुरडयांवर बसते आणि पावसाळ्यात तोच गाळ वाहून खालच्या शेतात शिरतो.

२०१७ च्या जुलैत आमच्या महिला मंडळाने ठरवलं, या ढिगाऱ्यावर झाडं लावायची. परवानगी मिळाली, पाचशे रोपं मिळाली. गुलमोहर, पेल्टोफोरम, जे मिळालं ते. आम्ही सारख्या रंगाच्या साड्या नेसलो, फोटो काढले, पेपरात बातमीही आली. खड्डे खणायला गावातल्या बायका रोजीने होत्या. त्यातल्या एक वयस्कर मावशी कुदळ टेकवून म्हणाल्या, "काहून दगडात रोपं रोवता, ताई? आंधी माती तं आना." मी हसले आणि पुढच्या खड्ड्याकडे वळले.

पुढच्या मे महिन्यात पारा ४६ अंशांवर गेला. एका सकाळी मी एकटीच वर चढले. पाचशेतली नऊ रोपं जिवंत होती. बाकीच्या नुसत्या काड्या. खाली येताना त्याच मावशी भेटल्या. काही बोलल्या नाहीत. मग कुणीतरी सांगितलं, त्यांचं तीन एकर काळं रान या ढिगाऱ्याच्याच खाली गेलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मी विचारत सुटले. मी कला शाखेची पदवीधर, मातीचं शास्त्र मला कुठलं? पण समजलं ते साधंच होतं. जमिनीचा वरचा थर म्हणजे जिवंत वस्तू. त्यात जिवाणू, बुरशी, गांडुळं, कुजलेला पाला असतो. ओबीत यातलं काहीच नसतं. अवजड डंपरांनी ती दाबून घट्ट होते, पाणी मुरत नाही, उन्हात तव्यासारखी तापते. म्हणून खाण सुरू करतानाच वरची माती वेगळी काढून ठेवायची आणि शक्य तितक्या लवकर पुन्हा पसरायची असते. फार उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली, तर तिच्यातले जीव मरतात. मग ती नावालाच माती राहते.

आणि जिथे ही माती मिळतच नाही तिथे? नागपूरच्या 'नीरी' संस्थेतल्या शास्त्रज्ञ डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर हेच काम केलं. उसाचा रस गाळल्यावर साखर कारखान्यात जी प्रेसमड उरते, ती तिथे मिसळली. सोबत नत्र देणारे रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टरसारखे जिवाणू आणि मुळांना पाणी व अन्न शोधायला मदत करणारी मायकोरायझा बुरशी दिली. मग ओसाड ढिगाऱ्यांवर साग, शिसू, कडुनिंब तगले. म्हणजे मावशी म्हणाल्या तेच, प्रयोगशाळेच्या भाषेत!

२०१९ मध्ये आम्ही पुन्हा सुरुवात केली, पण फक्त एका कोपऱ्यात. मावशींना आधी घरी जाऊन विचारलं, "तुम्ही सांगाल तसं करू." त्यांनी चहा केला आणि कामाला लावलं. पावसाआधी उतारावर आडवे दगडी बांध घातले, कडेने वाळा लावला. गावच्या मामा तलावातला गाळ निघत होता, तो ट्रॉलीने आणला, त्यात शेणखत आणि पालापाचोळा मिसळला. पाऊस पडल्यावर ताग पेरला आणि फुलावर आला तसा मातीत गाडला. बाकी जागेत स्टायलो गवत. झाड एकही नाही! आमचे हे हसले, "झाडं लावायला गेलात की गवत पेरायला?"

पुढच्याच वर्षी, ८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवलं पाहिजे, जनावरांना चारा मिळाला पाहिजे, अशी अट केंद्र सरकारने खाणपट्ट्यांना घालावी. सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. मी ती बातमी कापून फ्रिजवर चिकटवली. यांनी मुकाट्याने वाचली.

झाडं लावली ती २०२१ मध्ये, बायकांनी स्वतः बिया गोळा करून तयार केलेली. करंज, शिसू, कडुनिंब, सीताफळ, बांबू. करंज आणि शिसू मातीला नत्र देतात, सीताफळ चार पैसे देतं. पूर्वी या बायकांना खड्ड्यामागे पैसे मिळायचे, झाड जगलं काय नि मेलं काय. आम्ही भांडून जगलेल्या झाडामागे, तीन वर्षं, पैसे ठरवून घेतले. मग उन्हाळ्यात हंडे आपोआप वर चढले. यंदा मोजली तर दहातली सात झाडं उभी आहेत.

कोळसा खाणींना २००९ पासून बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळा निधी ठेवणं बंधनकारक आहे. तो आराखडा गावातल्या बायकांनी मागून वाचायला हवा. कुठली झाडं लावणार, गुरं चरतील का, पाणी कोण घालणार, हे आपण नाही विचारायचं तर कुणी?

खोटं कशाला सांगू, मावशींचं काळं रान काही परत आलेलं नाही. त्यात पुन्हा कापूस होईल असं मला वाटत नाही, त्यांनाही नाही. पण गेल्या श्रावणात त्या गवत कापत होत्या. मुळाशी चिकटलेला मातीचा गोळा त्यांनी फोडला आणि मला हाक मारली. आत एक गांडूळ वळवळत होतं. त्यांनी ते पुन्हा मातीत ठेवलं, वरून पाला झाकला आणि म्हणाल्या, "आता लावा तुमचा गुलमोहर."