न आटणारं मुद्दल

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात उतरलं की पहिला प्रश्न हाच पडतो: हे पाणी संपत कसं नाही? १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारांत गोळा करून शंभरावर कुंड्यांच्या रांगेनं शहराकडे आणलं. मोट नाही, पंप नाही, नुसता उतार. झिरपेल तेवढं शहरानं प्यायचं, डोंगर आपल्या जागी.

शिष्यवृत्तीचा कायम निधी अगदी असाच चालतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज विद्यार्थ्याला द्यायचं. मग देणारा गेला तरी देणं चालूच! नाना शंकरशेट वारले १८६५ साली. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावानं मॅट्रिकच्या संस्कृतासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२मध्ये ती मिळाली चिंतामणराव देशमुखांना, म्हणजे नाना गेल्यावर तीसेक वर्षांनी जन्मलेल्या मुलाला. हाच मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला.

या हिशेबाचं मर्म गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पुरतं कळलेलं होतं. धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी देऊ केली. आकडा ऐकून आजही डोळे विस्फारतात. पण साडेतीन टक्क्यांनी विद्यापीठाच्या हाती पडायचे वर्षाला ५२,५०० रुपये. गाडा चालायचा तो या आकड्यावर.

एक ग्यानबाची मेख मात्र आहे. समजा, आज कुणी निवृत्त प्राध्यापकानं एक लाख ठेवले आणि सात टक्के व्याज मिळालं. सातही हजार दरसाल वाटले, तर मुद्दल कागदावर लाखाचंच राहतं आणि महागाई ते आतून पोखरते. भाव वर्षाला पाच टक्क्यांनी चढत असतील, तर पाच हजार परत मुद्दलात घालायला हवेत. मुलाच्या हाती दोनच हजार. थोडं कंजुषीचं वाटतं खरं, पण नातवाच्या वयाच्या विद्यार्थ्यालाही तेवढ्याच किमतीचं काही मिळावं असं वाटत असेल तर दुसरा इलाज नाही. कित्येक जुन्या शिष्यवृत्त्यांचं नाव तेवढं उरलंय, त्या रकमेत आज वह्यासुद्धा येत नाहीत, त्याचं कारण हेच.

कर्व्यांनी स्वतः दिलं ते मात्र मुद्दल राखून नव्हे. १९३६मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं. तेव्हा त्यांची पेन्शन होती महिना सत्तर रुपये. त्यातले पंधरा त्यांनी मंडळाला लावून दिले आणि बाकीच्या पैशांसाठी ते घरोघर वर्गणी मागत फिरले.