सुई कोणाच्या हाती?

गेल्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियात आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची गुडघेदुखीही आली. "त्या चिनी सुया एकदा करून बघू या," असं त्यांनीच सुचवलं. घराजवळ एक ठिकाण होतं, तिथे घेऊन गेले. काही न विचारता पाच मिनिटांत त्यांना टेबलावर झोपवलं. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात, हे मीच घाईघाईने सांगितलं. "चालेल," एवढंच उत्तर मिळालं. आम्ही सरळ उठून बाहेर आलो.

मी पूर्वाश्रमीची शिक्षिका. मुलांची प्रगतिपुस्तकं पाहायची सवय. म्हटलं, आता सुई धरणाऱ्याचंही प्रगतिपुस्तक पाहू या!

चौकशीअंती सापडलेल्या बाई आधी नर्स होत्या. पस्तिशीनंतर पुन्हा कॉलेजात गेल्या आणि चार वर्षं शिकल्या. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी किमान ३००० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो : २०५० तास वर्गात, ९५० तास दवाखान्यात. शरीररचना, रोगनिदान, चिनी वनौषधी, निर्जंतुक सुया वापरण्याची पद्धत असं सगळं त्यात येतं. शिवाय राज्याची परीक्षा वेगळीच.

"सगळ्यात अवघड काय वाटलं?" मी विचारलं.

"सुई कुठे टोचायची नाही आणि किती खोल न्यायची नाही, हे शिकणं," त्या म्हणाल्या. बरगड्यांच्या आत फुफ्फुस असतं. तिथे सुई जास्त खोल गेली तर जिवावर बेतू शकतं.

त्यांनी सासूबाईंची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं अंतर मोजून एक बिंदू शोधला, पण बोटं सासूबाईंचीच! चिनी पद्धतीत माप रुग्णाच्या स्वतःच्या बोटांचं असतं. "अगं, हे तर आपल्या वैद्यांचं अंगुळ," सासूबाई खूश झाल्या. पण त्या दिवशी सुई मात्र टोचली नाही. आधी गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून या, असं सांगून बाईंनी आम्हाला परत पाठवलं. माझा विश्वास तिथेच बसला.

सासूबाई सोलापूरच्या. डॉक्टरांचा होकार मिळाल्यावर पुढच्या खेपेला त्यांनी बाईंना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ते शल्यविशारद होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी भारतात आणली. एवढा अनुभवी डॉक्टरसुद्धा नवी विद्या घ्यायची तर पुन्हा विद्यार्थी झाला!

आठ खेपांनंतर सासूबाईंचे गुडघे काही तरुण झाले नाहीत, पण जिना चढताना "आई गं" जरा कमी ऐकू येऊ लागलं. व्यायाम आणि डॉक्टरांची औषधंही चालूच होती, त्यामुळे श्रेय कोणाला किती, हे मी ठरवत नाही.

मंडळी, एवढंच सांगते. परवाना भिंतीवर लावलेला असतो, तो वाचा. राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर नाव तपासा. शिक्षण कुठे झालं, हे विचारायला संकोचू नका. महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरसाठी आता स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा तिकडच्या आई-बाबांनाही नोंदणी विचारायला सांगा. जो खरंच शिकलेला असतो, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.